चिपाडापासून तेल : तळाशी उरतं त्याचं काय?

बावड्यात येऊन तेलावर बोलायचं म्हणजे जरा धाडसच. इथं नीरा आहे, भीमा आहे, ऊस आहे. तेलाची विहीर काही नाही. पण तेल विहिरीतूनच यावं असं नाही. कोळशापासून, कॅनडातल्या डांबरी वाळूपासून कृत्रिम कच्चं तेल करतात. उसाच्या चिपाडापासूनही तेल निघतं. उद्या कुणी "चिपाड द्या, डिझेल घ्या" म्हणत दारात आला, तर त्याला काय विचारायचं, तेवढं आज बघू.

सुरुवात गुऱ्हाळापासून करतो. काहिलीत पाक जास्त तापला की गूळ करपतो. म्हणून साखर कारखान्यात पॅनमधली हवा ओढून दाब कमी करतात. मग रस साधारण ६०-७० अंशांवरच उकळतो आणि साखर जळत नाही. तेलाचंही अगदी तसंच आहे. कच्चं तेल तापवलं की आधी पेट्रोल, मग रॉकेल, मग डिझेल वाफेनं निघतं. सुमारे ३५० अंशांच्या पुढे मात्र तेलाचे रेणू तुटायला लागतात. म्हणून उरलेलं तेल निर्वात भांड्यात उकळतात. तरीही जे वर येत नाही, तो जड भाग. साखरेत मळी उरते, तसा.

या जड भागात आहे काय? हे उकळून कळत नाही, विरघळवून कळतं. हेप्टेन घातलं की काही भाग काळ्या भुकटीसारखा खाली बसतो. तो टोल्युइनमध्ये मात्र विरघळतो. हे अस्फाल्टीन. हे नाव फ्रेंच शास्त्रज्ञ बूसिंगो यांनी १८३७ मध्ये दिलं. राहिलेल्या भागाचे संपृक्त, आरोमॅटिक आणि रेझिन असे तीन वाटे करतात. शिवाय गंधक, निकेल, व्हॅनेडियम मोजतात, कारण हे धातू रिफायनरीतल्या उत्प्रेरकाला मारतात. आणि हवा न लागू देता जाळून किती कोळसा उरतो तेही बघतात.

आता आपलं चिपाड. ते वाळवून, हवा न देता सुमारे ५०० अंशांवर काही सेकंदांत तापवलं आणि वाफ लगेच थंड केली, की काळपट पातळ द्रव मिळतो. दिसायला तेल, पण घटक वेगळे. त्यात वजनानं ३५ ते ४० टक्के ऑक्सिजन असतो. पाणी १५ ते ३० टक्के. आंबटपणा व्हिनेगरसारखा, म्हणजे लोखंड खाणारा. डिझेलमध्ये तो नीट मिसळतही नाही.

आणि खरी गंमत पुढे आहे. हे तेल उकळायला ठेवलं, तर २५०-२८० अंशांपर्यंत काही भाग निघतो आणि उरलेला ३५ ते ५० टक्के भाग भांड्यातच घट्ट होतो. निर्वात करूनही फारसा फायदा नाही, कारण रेणू तापल्यावर एकमेकांना चिकटत जातात. मग तपासायचं कसं? थंड पाण्यात ते थेंब थेंब सोडून ढवळायचं. जड भाग चिकट होऊन वेगळा पडतो. तो चिपाडातल्या लिग्निनचा, म्हणजे पेशींना घट्ट धरणाऱ्या पदार्थाचा, मोडका अवशेष. गॅस क्रोमॅटोग्राफला हा भाग दिसतच नाही, कारण त्याची वाफ होत नाही. म्हणजे नुसता तो एक कागद दाखवून कुणी "तेल शुद्ध आहे" म्हणालं, तर अर्धं तेल तपासलेलंच नाही असं समजा.

मग विचारायचं काय? चार गोष्टी. पाणी किती? आम्लता किती? उकळल्यावर तळाशी किती उरतं? आणि ८० अंशांवर २४ तास ठेवल्यावर ते किती घट्ट होतं? शेवटचा प्रश्न विसरू नका. टाकीत घट्ट झालेलं तेल पंपाचं इंजिन बसवतं, आणि ते ऐन उन्हाळ्यात पाण्याच्या पाळीला बसतं.

म्हणजे चिपाड कुचकामी का? मुळीच नाही. हायड्रोजन देऊन त्यातला ऑक्सिजन काढला की त्याचं इंधन होतं, पण त्याला मोठा खर्च लागतो. तोवर चिपाड चुलवाणात आणि कारखान्याच्या बॉयलरमध्ये आपलं काम चोख करतंय. ते स्वस्तात देण्याआधी तळाशी काय उरतं, ते बघून घ्या.