टेस्ट ट्यूब बेबी : समज, शास्त्र आणि कायदा

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत मी सुरतेला मावशीकडे गेले होते. काका मूळचे इचलकरंजीचे. यंत्रमागावर जॉबर म्हणून सुरतेला गेले आणि उधन्यातच स्थायिक झाले. लग्नाला चौदा वर्षे झाली, पण मूल नाही. एका दुपारी मावशीने कपाटातून एक फॉर्म काढून माझ्यापुढे ठेवला. म्हणाली, "तू कॉलेजात शिकतेस ना, मग यात काय लिहिलंय ते मला नीट सांग. उद्या सही करायची आहे."

फॉर्म इंग्रजीत होता. मी वाणिज्य शाखेची, जीवशास्त्राशी संबंध दहावीपर्यंतचा, तोही मराठी माध्यमातला. 'डोनर' एवढेच कळले. तेव्हा आणि नंतर येथे येऊन जे वाचले, विचारले, ते मावशीच्या संमतीने आपणा वाचकांपुढे ठेवत आहे.

प्रथम नावाविषयी. 'टेस्ट ट्यूब बेबी' म्हटले की मूल नळीतच वाढते असा पुष्कळांचा समज होतो. प्रत्यक्षात नळीचा संबंध फारसा नाही. स्त्रीच्या बीजांडकोशातून दरमहा बहुधा एकच स्त्रीबीज पक्व होते. ते बीजवाहिनीत येते आणि तेथे शुक्रजंतूशी त्याचा संयोग होतो. क्षयासारख्या रोगाने ही वाहिनी बंद झाली असेल, तर दोघांची भेटच होत नाही. ही भेट शरीराबाहेर घडवून आणणे, एवढाच या उपचाराचा गाभा आहे. सुमारे दहा-बारा दिवस संप्रेरकांची इंजेक्शने देऊन एकाऐवजी अनेक बीजे पक्व करतात. सोनोग्राफीच्या साहाय्याने सुईने ती बाहेर काढतात आणि काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या उथळ बशीत शुक्रजंतूंबरोबर ठेवतात. बशी शरीराच्याच उष्णतेवर, ३७ अंशांवर राखलेली असते. तीन ते पाच दिवसांनी तयार झालेला गर्भ स्त्रीच्या गर्भाशयात सोडतात. पुढचे नऊ महिने इतर कोणत्याही मातेसारखेच.

असे पहिले मूल, लुईस ब्राउन, २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमधील ओल्डहॅम येथे जन्मले. त्यामागे डॉ. पॅट्रिक स्टेप्टो, रॉबर्ट एडवर्ड्स आणि जीन पर्डी यांचे अनेक वर्षांचे कष्ट होते. एडवर्ड्स यांना २०१० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

यानंतर अवघ्या सत्तर दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या प्रयत्नाने एक मुलगी जन्मली. ती 'दुर्गा' या नावाने ओळखली गेली. मुखर्जींनी गर्भ गोठवून ठेवून नंतर वापरला होता. पण सरकारी चौकशी समितीने त्यांचा दावा फेटाळला. पुढे त्यांची बदली नेत्रविभागाशी संबंधित जागी झाली. १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली.

आपल्या महाराष्ट्राचा मान त्यानंतरचा. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी हर्षाचा जन्म झाला. के.ई.एम. हे महापालिकेचे, गोरगरिबांचे रुग्णालय, हे विसरू नये. हर्षा भारतातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी ठरली. परंतु पुढे १९९७ साली आनंद कुमारांनी मुखर्जींची टिपणे स्वतः तपासली आणि पहिलेपणाचा मान मुखर्जींचाच, असे जाहीरपणे सांगितले. स्वतःच्या हातातला मान दुसऱ्याला, तोही मृताला, देणारी माणसे किती असतील?

आता मावशीच्या फॉर्मकडे वळू. स्त्रीच्या बीजांडकोशात सर्व बीजे जन्मतःच असतात. नवी तयार होत नाहीत. वयाबरोबर ती कमी होत जातात, आणि पस्तिशीनंतर त्यांची संख्या व प्रत दोन्ही झपाट्याने घटतात. काहींची तर तिशीतच संपतात. अशा वेळी दुसऱ्या स्त्रीचे बीज घेऊन, पतीच्या शुक्रजंतूशी त्याचा संयोग घडवून, गर्भ पत्नीच्या उदरात ठेवता येतो. हेच स्त्रीबीजदान. डॉ. हिंदुजांच्या हातून या पद्धतीचे भारतातील पहिले मूल २४ जानेवारी १९९१ रोजी जन्मले.

मावशीच्या सासूबाईंना वाटत होते, की दुसरीच बाई मूल पोटात वाढवणार. ते निराळे, त्याला सरोगसी म्हणतात. गुजरातेतच आणंद येथे २००४ साली एका आजीने आपल्या मुलीची जुळी मुले स्वतःच्या उदरात वाढवली, ती सरोगसी. पैसे घेऊन केलेल्या सरोगसीला २०२१ च्या कायद्याने बंदी आहे.

बीजदानासाठीही २०२१ चा कायदा आहे. तो २५ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. दात्री २३ ते ३५ वर्षे वयाची हवी. तिने आयुष्यात एकदाच दान करावे आणि तिच्याकडून सातपेक्षा अधिक बीजे काढू नयेत. बारा महिन्यांचा तिचा विमा दांपत्याने उतरवावा. बीजाची विक्री करता येत नाही. जन्मलेले मूल कायद्याने त्या दांपत्याचेच, दात्रीचा त्यावर हक्क राहत नाही. यशाची शक्यता किती आणि धोके कोणते, हे रुग्णालयाने आधी समजावून सांगितलेच पाहिजे.

वाणिज्याची विद्यार्थिनी म्हणून मला येथे एक खाते अपुरे दिसते. दांपत्याचा खर्च सगळे मोजतात. पण दात्रीने घेतलेली इंजेक्शने, भूल, बुडालेला रोज, कधी बीजांडकोश सुजून होणारा त्रास, हे कोणाच्या वहीत लिहायचे? 'दान' हा शब्द मोठा आहे. पण देणारी बाई गरजू असेल, तर तिच्या 'हो'मागे काय आहे हे विचारायला हवे. सात बीजांची आणि एकदाच देण्याची मर्यादा घालण्यामागे हीच काळजी असावी.

दुसरे अपुरे खाते आपल्या घरातले. चौदा वर्षे औषधे, नवस, उपास सगळे मावशीच्या वाट्याला. काकांची तपासणी अकराव्या वर्षी झाली, तीही डॉक्टरांनी दटावल्यावर. वस्तुतः जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडेही काही ना काही दोष आढळतो. त्यावरही उपाय आहे. एकच शुक्रजंतू सुईने थेट बीजात सोडण्याची पद्धत ब्रुसेल्समध्ये १९९२ साली यशस्वी झाली. मावशीची ती अकरा वर्षे मात्र कोणी परत देणार नाही. बीजे संपतात ती याच वर्षांत.

सगळे ऐकून मावशीने एकच विचारले, "मग ते मूल माझं म्हणायचं का गं?"

मी कायद्याचे कलम सांगू लागले. तिने हाताने थांबवले. "कायद्याचं कळलं. मी माझं विचारते." मला उत्तर देता आले नाही. खरे तर ते माझ्याकडे मागण्याचे उत्तर नव्हतेच. एवढेच म्हटले, की रंगरूप दात्रीकडून येईल, पण रक्तमांस तुझ्याच अन्नावर वाढेल. बाकीचे तू ठरव.

दुसऱ्या दिवशी तिने सही केली नाही. फॉर्म घेऊन गेली आणि डॉक्टरांना तीन प्रश्न विचारले. माझ्या वयाला यश किती? दात्रीचा विमा आहे ना? आणि हा कागद मला कळेल अशा भाषेत का नाही? तिसऱ्या प्रश्नावर तेथील बाईंनी तिला तासभर बसवून सगळे हिंदीत समजावले. सही आठवड्याने झाली. पहिला प्रयत्न फसला. दर वेळी यश येत नाही, हे तिला आधीच ठाऊक होते, म्हणून ती कोलमडली नाही. दिवाळीनंतर पुन्हा जाणार आहे, आणि या वेळी काका रजा काढून बरोबर जाणार आहेत.

आपल्यापैकी अनेकजण घरातले पहिलेच कॉलेजात आलेले. कोणाची मावशी, कोणाची वहिनी उद्या असाच एखादा कागद आपल्यापुढे ठेवील. तो वाचून सांगता येणे, हाही आपल्या शिक्षणाचा भाग मानावा, असे मला वाटते.