टीव्हीवरचं गोल चक्र कसं थांबवायचं?

फायर टीव्ही स्टिकवर चित्रपट रंगात आला आणि मध्येच गोल चक्र फिरू लागलं, की बरेच जण इंटरनेटचा महागडा प्लॅन घेतात. माझ्या मते तो उपाय सगळ्यात शेवटचा. नेटफ्लिक्स फुल एचडीसाठी ५, तर फोर-केसाठी १५ एमबीपीएस वेग सुचवतं. साध्या फायबर प्लॅनमध्येही सहसा याहून जास्त वेग असतो. गाडी अडते ती राउटर आणि टीव्ही यांच्यामध्ये. म्हणून राउटरशेजारी उभं राहून फोनवर वेग मोजू नका, टीव्हीवरच मोजा.

वायफायचे मुख्य पट्टे दोन. २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल भिंतींतून लांबवर पोहोचतो, पण त्याच पट्ट्यात शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्हही असतात. इमारतीत ही गर्दी फारच. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, मात्र जाड भिंतींपुढे लवकर क्षीण होतो. राउटर त्याच खोलीत किंवा एका भिंतीपलीकडे असेल तर हाच निवडा. शिवाय स्टिक टीव्हीच्या पाठीला चिकटलेली असते आणि तिथे सिग्नल दबतो. छोटी एचडीएमआय एक्स्टेंडर केबल लावून स्टिक जरा बाहेर काढा. पुष्कळदा एवढ्यानंच भागतं.

स्टिकला वीज टीव्हीच्या यूएसबीतून देऊ नका. यूएसबी २.० पोर्ट साधारण अर्धा अँपिअरच देतो, तो अपुरा पडू शकतो. सोबत आलेला अ‍ॅडॉप्टरच वापरा. न लागणारी अ‍ॅप काढा, स्टिक रीस्टार्ट करा. तरीही चक्र फिरतच राहिलं, तर इथरनेट अ‍ॅडॉप्टर घेऊन राउटरपासून थेट वायर ओढा.