दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहा!

दोस्तांनो, स्नेहसंमेलनाचं पोस्टर रंगवताना पिवळ्या कागदावर पांढरी अक्षरं काढलीत, तर ती सगळ्यांना वाचता येतील का? तुम्ही म्हणाल, "मला तर दिसतायत की!" अहो, गोची तिथेच आहे. चांगली नजर असणाऱ्याला दुसऱ्याची अडचण कळणार कशी?

पुस्तकं, पाट्या, औषधांची वेष्टनं यांची मांडणी करणाऱ्यांपुढेही हाच पेच असतो. म्हणून इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठात एक उलटा चष्मा तयार झाला. एरवी चष्मा नजर सुधारतो, हा मुद्दाम थोडी धूसर करतो! एकावर एक दोन-तीन चढवले, की धूसरपणा वाढत जातो. तो घालून औषधाच्या खोक्यावरची अक्षरं वाचून पाहायची. नाही लागली? मग अक्षर मोठं करा, शाई गडद करा. कारण तिथली तारीख चुकीची वाचली, तर ते जिवावर बेतू शकतं.

रंगांची गोष्ट आणखी वेगळी. काहींना लाल आणि हिरवा यांतला फरक नीट कळत नाही. याला रंगांधत्व म्हणतात. शास्त्रज्ञ जॉन डाल्टन यांना ते होतं. १७९४ साली त्यांनी स्वतःच त्यावर निबंध वाचला! उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत १०० पुरुषांमागे सुमारे ८ जणांना असं रंगांधत्व असतं. 'कलर ओरॅकल' हा मोफत संगणक प्रोग्राम पडद्यावरचं चित्र त्यांना साधारण कसं दिसेल, ते दाखवतो. नकाशातली लाल आणि हिरवी रेघ सारखीच दिसली, तर एक रेघ तुटक काढायची. झालं काम!

तुम्हीही करून पाहा. पोस्टरवर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि बोटभर वर उचला. कोणती अक्षरं टिकली, कोणती हरवली? मग पोस्टरचा कृष्णधवल फोटो काढा. फिके रंग एकमेकांत मिसळले का?

पण एक लक्षात ठेवा. तुम्ही चष्मा काढलात, की तुमची नजर परत येते. ज्याला कायमच कमी दिसतं, त्याची रोजची धडपड आणि त्याने सवयीने कमावलेली हुशारी पाच मिनिटांच्या खेळात कळत नाही. म्हणून शेवटची परीक्षा त्यालाच घेऊ द्या. "हे वाचता येतंय का?" एवढंच विचारा. आणि "नाही" असं उत्तर आलं, तर न रुसता पुन्हा ब्रश हातात घ्या!