तलावाची नाडी पहाटे बघा

तलावाचे पाणी बिघडले तर आपल्या प्रकृतीशी त्याचा काय संबंध, आम्ही तर नळाचे पाणी पितो, असे मला अनेक रुग्ण विचारतात. संबंध जवळचा आहे. तलावाचे पाणी झिरपून काठच्या विहिरींत व बोअरमध्ये उतरते. त्याच पाण्यात मुले पोहतात, जनावरे पाणी पितात, मासे वाढतात. गटाराचे पाणी त्यात मिसळले, तर जुलाब, विषमज्वर व कावीळ यांचे जंतू घरापर्यंत पोहोचू शकतात.

हिंगोलीच्या जलेश्वर तलावासारख्या वस्तीलगतच्या तलावांची म्हणूनच नियमित तपासणी हवी. तपासायचे तरी काय? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषांनुसार, स्नानास योग्य पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान ५ मिलिग्रॅम असावा. सेंद्रिय घाण कुजताना जंतूंना लागणारा प्राणवायू, म्हणजेच 'बीओडी', ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा. आम्लता दाखवणारा 'पीएच' ६.५ ते ८.५ असावा. विष्ठेतील जंतूंची संख्या १०० मिलिलिटरमध्ये ५०० पर्यंत असणे इष्ट. २५०० ही कमाल मर्यादा.

येथे एक मेख आहे. सांडपाणी व साबणातील नत्र-स्फुरदावर शेवाळ माजते. ते दिवसा उन्हात प्राणवायू सोडते आणि रात्री सर्वांबरोबर तोच प्राणवायू वापरते. म्हणून दुपारी घेतलेल्या नमुन्यात प्राणवायू भरपूर दिसतो आणि सूर्योदयापूर्वी तो नीचांकाला जातो. सकाळी मेलेले मासे तरंगतात, ते बहुधा यामुळेच. ज्वर मोजताना डॉक्टर वेळ लिहून ठेवतात, तसेच तलावाचे आहे. पहाटे व दुपारी, ठरलेल्या त्याच जागी, दर महिन्याला मोजणी व्हावी. एकदाच केलेली तपासणी फसवू शकते. जंतुतपासणीचा नमुना निर्जंतुक बाटलीत घेऊन, बर्फात ठेवून, त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचवावा.

शाळांनाही एक सोपा प्रयोग करता येईल. इटालियन शास्त्रज्ञ आंजेलो सेक्की यांनी १८६५ मध्ये पांढरी तबकडी पाण्यात सोडून पाण्याचा नितळपणा मोजला. जुनी थाळी पांढरी रंगवून दोरीला बांधा आणि दोरीला हाताहाताच्या अंतरावर गाठी मारा. थाळी दिसेनाशी होते ती खोली दर आठवड्याला वहीत लिहा. मात्र शिक्षक सोबत असल्याशिवाय मुलांनी काठावर जाऊ नये. खोली सतत घटू लागली, तर समजावे की पाणी गढूळ होत आहे किंवा शेवाळ वाढत आहे.

पाण्यावर हिरव्या रंगासारखा दाट थर दिसला तर विशेष जपावे. काही निळ्या-हिरव्या शेवाळांचे विष यकृताला अपाय करते. पाणी उकळल्याने जंतू मरतात, हे विष मात्र नष्ट होत नाही. अशा पाण्यात उतरू नये, जनावरांना ते पाजू नये व तेथील मासे खाऊ नयेत. काठच्या विहिरीचे पाणी तपासून घ्यावे.

वाचकहो, तपासणीचा अहवाल फायलीत पडून राहिला तर उपयोग काय? नगरपरिषदेने दर महिन्याचे आकडे, नमुना घेतल्याच्या वेळेसह, तलावाच्या काठी फलकावर लावावेत, अशी मागणी आपण नागरिकांनी केली पाहिजे.