कोरडी म्हणावी, तर गोड!

आपल्या नाशिकच्या 'सुला'ची एक फेसाळती वाईन 'सेको' नावाने बाजारात आली. ('सुला' हे नाव राजीव सामंत यांच्या आईच्या, सुलभाताईंच्या नावावरून आलंय, ठाऊक होतं?) स्पॅनिशमध्ये सेको म्हणजे कोरडा. आता वाईन कोरडी कशी, असं वाटेल. तर तिथे कोरडी म्हणजे गोड नसलेली.

एरवी हे विशेषण आपल्या 'कोरडा'चा जुळा भाऊच! खोकला कोरडा असतो, तुटक बोलणारा माणूसही कोरडा. लिंगानुसार रूपही बदलतं. त्यांची वाईन पुल्लिंगी, म्हणून 'विनो सेको'. खोकला मात्र स्त्रीलिंगी, म्हणून 'तोस सेका'. क्रियापद तेवढं जपून वापरायचं. 'एस्ता सेको' म्हणजे दोरीवरचा टॉवेल वाळला. 'एस सेको' म्हणजे गृहस्थ स्वभावानेच रुक्ष! सुकामेवा म्हणजे 'फ्रुतोस सेकोस', पण त्यात मुख्यतः बदाम-अक्रोड. आपल्या लाडक्या बेदाण्याला वेगळाच शब्द, 'पासा'.

खरी मेख पुढेच आहे. युरोपातल्या नियमांप्रमाणे स्पेनच्या साध्या वाईनवर 'सेको' लिहिलं असेल, तर लिटरमागे साखर ४ ग्रॅमपर्यंत, आंबटपणा जास्त असल्यास फार तर ९. फेसाळत्या वाईनवर मात्र हाच शब्द १७ ते ३२ ग्रॅमसाठी! म्हणजे चांगलीच गोडसर. तेव्हा घरात कुणी साखर मोजून खात-पीत असेल, तर तिकडच्या फेसाळत्या बाटलीवर 'सेको' नव्हे, 'ब्रूट' शोधा. त्यात साखर १२ ग्रॅमच्या आत असते.