५८५ किलोहर्ट्झवरचा लेखक

नागपुरात ‘आकाशवाणी चौक’ एवढं सांगितलं की ऑटोवाला पुढं काही विचारत नाही. सिव्हिल लाइन्समधल्या या चौकाला ज्याच्यामुळे नाव पडलं, ते केंद्र सुरू झालं १६ जुलै १९४८ ला. तेव्हा नागपूर मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी होतं, त्यामुळे मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषा पहिल्यापासूनच इथे एका घरात नांदल्या. ‘५१२.८ मीटर, अर्थात ५८५ किलोहर्ट्झ’ ही उद्घोषणा विदर्भातल्या कितीतरी घरांत चहाच्या आधणाबरोबर ऐकली जायची. नाटक, कीर्तन, शेतीचा सल्ला, बाजारभाव असं सगळं या केंद्रानं दिलं. मला मात्र बोलायचं आहे ते त्यातल्या एका कमी गाजलेल्या प्रकाराबद्दल. कथा-कादंबरी लिहिणाऱ्याला समोर बसवून त्याच्या लेखनाविषयी बोलतं करायचं, तो प्रकार.

छापील मुलाखत लेखकाच्या नजरेखालून गेलेली असते. तिच्यातली वाक्यं इस्त्री केल्यासारखी असतात. रेडिओवर तोच लेखक ‘म्हणजे… आता कसं सांगू’ करत थांबतो, आणि बरेचदा खरं उत्तर त्या थांबण्यानंतर येतं. विदर्भाच्या बाबतीत तर आवाजाला आणखी किंमत आहे. उद्धव शेळके यांची वऱ्हाडी बोलीतली ‘धग’ ही कादंबरी १९६० ची. ‘डोळा’चा ‘डोया’ आणि ‘मला’चं ‘मले’ कागदावर उतरवता येतं. त्या बोलीचा हेल कसा उतरवणार? साहित्य अकादमीचे पुरस्कारच पाहा: १९९५ ला वाशीमच्या नामदेव कांबळे यांची ‘राघववेळ’, २००४ ला बुलढाण्याच्या सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’, २००६ ला नागपूरच्या आशा बगे यांची ‘भूमी’. अकरा-बारा वर्षांत एकट्या विदर्भाच्या तीन कादंबऱ्या, आणि तिघांची मराठी तीन तऱ्हांची. पुस्तकं शेजारी ठेवून हा फरक समजतो. आवाज ऐकला की तो कानात राहतो.

स्टुडिओचं म्हणाल तर लेखकाला घाबरवायला ती खोली पुरेशी असते. जाड दार मागं लागलं की बाहेरचं जग एकदम बंद. नागपूरच्या मे महिन्यातसुद्धा माईकजवळ पंखा चालत नाही, कारण त्याची घरघर आधी मुद्रित होते आणि लेखक नंतर. कागदांची टाचणी काढून घेतात. वाचून झालेलं पान उलटायचं नाही, अलगद बाजूला सरकवायचं. बाईंच्या हातात बांगड्या असल्या तर त्या उतरवून ठेवायच्या. मग काचेपलीकडून खूण होते आणि लाल दिवा लागतो.

टेपच्या काळात १२०० फुटांचं स्पूल सेकंदाला साडेसात इंच या वेगानं ३२ मिनिटं चाले. म्हणजे अर्ध्या तासाच्या गप्पांना वर दोन मिनिटं खोकण्या-खाकरण्याची. नको तो भाग ब्लेडनं तिरपा कापायचा आणि टोकं चिकटपट्टीनं जोडायची. खोकला कापावा, ‘अं अं’ कापावं. पण लेखक विचार करतोय ती चार सेकंदांची शांतता कापणाऱ्याचा हात धरावासा वाटतो. रेडिओला शांततेचं वावडं असतं हे खरं. प्रसारणात जरा खंड पडला तरी ड्यूटी रूमच्या लॉगबुकात नोंद होते. तरी तेवढी चार सेकंदं सोसायला हवीत.

यातली खरी मेहनत प्रश्न विचारणाऱ्याची. ‘आपल्या लेखनामागची प्रेरणा काय?’ हा प्रश्न ऐकला की मी ओळखतो, पुस्तक उघडलेलं नाही. आशा बगे यांच्या एका कथासंग्रहाचं नाव ‘मारवा’ आहे. संगीत त्यांच्या लेखनात मुरलेलं आहे. त्यांच्यासमोर बसणाऱ्याला निदान मारवा संध्याकाळचा राग आहे आणि त्यात पंचम नसतो एवढं ठाऊक हवं. तिथून गप्पा कुठंही जाऊ शकतात. अमेरिकेत मायकेल सिल्व्हरब्लॅट यांनी ‘बुकवर्म’ हा रेडिओ कार्यक्रम १९८९ पासून तीन दशकांहून अधिक काळ चालवला, तो एका सवयीवर: पाहुण्याची सगळी पुस्तकं आधी वाचायची.

आपल्याकडे ही जातकुळी नवी नाही. आकाशवाणीत माणसंच साहित्यिक होती. पुणे केंद्रावर व्यंकटेश माडगूळकरांनी नोकरी केली. नागपूरच्या कॉलेजात वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवणाऱ्या कुसुमावती देशपांडे पुढं दिल्ली आकाशवाणीवर स्त्रिया आणि मुलांच्या कार्यक्रमांच्या प्रमुख निर्मात्या झाल्या. त्या स्वतः कथाकार, शिवाय ‘मराठी कादंबरी: पहिले शतक’ लिहिणाऱ्या समीक्षक. १९६१ च्या ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष, या पदावरची पहिली स्त्री. कादंबरीचं एक शतक ज्यांनी वाचून काढलं होतं, अशी माणसं तेव्हा रेडिओच्या पगारावर होती. आज ती जागा कोण भरतं, हे विचारायला हरकत नाही.

दुःख वेगळंच आहे. टेप महाग होती. कार्यक्रम वाजला की ती पुसायची आणि पुन्हा वापरायची, ही रीतच होती. त्यामुळे किती लेखकांचे आवाज दुसऱ्या कुणाच्या भाषणाखाली गाडले गेले! काही मुलाखती वाचल्या असतील त्या घरांमुळे, कुणीतरी रेडिओपुढं टेपरेकॉर्डर ठेवून बटण दाबलं म्हणून. मागं कुकरची शिट्टी आणि मधेच ‘अरे, हळू बोल रे’ ऐकू येईल, येऊ द्या. दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावर तशी कॅसेट सापडली तर भंगारवाल्याला देऊ नका. लेखकाचं नाव आणि आठवेल ती तारीख कव्हरवर लिहा, आणि फीत चिकटण्याआधी ती संगणकावर उतरवून घ्या.