हातांनी शिकलेली विद्या

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेस शिरूर व दौंड हे दोन शेजारी तालुके आहेत. त्यांच्या मधून भीमा नदी वाहते. नदीच्या दक्षिणेस, दौंडच्या बाजूला, खडकवासल्याच्या कालव्याचे पाणी पोहोचते व उसाचे मळे डोलताना दिसतात. उत्तरेस, शिरूर तालुक्यातील पाबळच्या माळावर मात्र पाऊस बेताचाच पडतो. याच पाबळ गावी १९८३ साली एक निराळी शाळा सुरू झाली. तिचे नाव विज्ञान आश्रम.

डॉ. श्रीनाथ कलबाग हे तिचे संस्थापक. अमेरिकेत उच्च शिक्षण घेऊन ते मुंबईतील एका मोठ्या उद्योगात संशोधन करीत असत. ती नोकरी सोडून ते या दुष्काळी गावात येऊन राहिले. खेड्यातील मूल पाहता पाहता व करता करता शिकते. मग शाळेत त्याचे हात रिकामे का असावेत, असा त्यांचा विचार होता. म्हणून येथे बांधकाम, शेती, वीज, आरोग्य इत्यादी विषय प्रत्यक्ष कामातून शिकविले जातात. परीक्षेत अपयश आलेली मुलेही येथे येतात आणि कुशल होऊन बाहेर पडतात. पुढे हाच अभ्यासक्रम इतर शाळांतही गेला. तेथे आठवी ते दहावीची मुले आठवड्यातून एक दिवस अशी कामे करतात.

काम करताना शास्त्र कसे समजते, ते पाहू. विहीर कोठे खणावी हा दुष्काळी भागातील मोठा प्रश्न. चुकीच्या जागी खणलेली विहीर म्हणजे शेतकऱ्याच्या डोक्यावर कर्ज. आश्रमातील विद्यार्थी अशा वेळी जमिनीत एका ओळीत चार सळ्या रोवतात. बाहेरच्या दोन सळ्यांतून विजेचा प्रवाह सोडतात व आतल्या दोन सळ्यांमधील विजेचा दाब मोजतात. कोरडा खडक विजेला फार अडवितो. ओलसर खडक कमी अडवितो. सळ्यांमधील अंतर वाढवीत गेले, की अधिक खोलीचा अंदाज येतो. पुस्तकातील विजेचा धडा असा शेतकऱ्याच्या उपयोगी पडतो.

पावसाचे पाणी साठविण्याचेही गणित आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी मिळते. दहा मीटर लांब व पाच मीटर रुंद छपरावर वर्षात पाचशे मिलिमीटर पाऊस पडला, तर पंचवीस हजार लिटर पाणी पडेल. त्यातील काही वाया गेले, तरी उरलेले थोडे नव्हे. टाकी केवढी बांधावी, हे या हिशेबावरूनच ठरते.

आता घराकडे वळू. चार काठ्या बांधून चौकोन करा व त्याचा एक कोपरा दाबा. चौकोन लगेच कलंडेल. तीन काठ्यांचा त्रिकोण करा. तो आपला आकार सोडणार नाही. पाबळ येथील घुमटाकार घराचे मर्म हेच. लोखंडी त्रिकोण जोडून घुमटाचा सांगाडा उभारतात, त्यावर बारीक तारेची जाळी ताणतात आणि सिमेंटचा गिलावा करतात. भिंत आणि छप्पर एकच होते. सामान थोडे लागते, घर हलके होते आणि तरीही मजबूत राहते. याचे मोल मोठे आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी येथे भूकंप झाला, तेव्हा दगडमातीच्या जड भिंती अंगावर कोसळून हजारो माणसे दगावली.

ही विद्या केवळ कोरड्या माळासाठी नाही. दौंडकडील भिजत्या शेतातही तिची गरज आहे. पाणी मुबलक आहे म्हणून उसाला वाटेल तेवढे पाजले व निचरा ठेवला नाही, तर जमीन खारवट होऊन पीक खुंटते. जेथे पाणी नाही तेथे ते शोधावे लागते. जेथे आहे तेथे ते मोजून वापरावे लागते.

ओळंबा, पाणसळ व थापी ही गवंड्याची हत्यारे. ती हाती धरणाऱ्या मुलाला भिंत सरळ आहे की नाही, हे कोणी सांगावे लागत नाही. आणि वीट, पाणी व सिमेंट यांची किंमत ज्याला आपल्या श्रमाने कळली, तो त्यांतले काहीही वाया जाऊ देत नाही.